हे चित्र कोणाचे?

मराठीत एक मोठा सोयीचा प्रश्न आहे. भिंतीवरच्या चित्राकडे बोट दाखवून आपण विचारतो, "हे चित्र कोणाचे?" या प्रश्नाला दोन तऱ्हांनी उत्तर देता येते. "लक्ष्मीचे," हे एक उत्तर आणि "रविवर्म्याचे," हे दुसरे. व्याकरण दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण देईल. परंतु विचारणाराला बहुतेक वेळा पहिलेच उत्तर हवे असते. चित्रात कोण आहे ते कळले की आपले समाधान होते. देव असेल तर हात जोडायचे, पुढारी असेल तर हार घालायचा, घरातले गेलेले माणूस असेल तर वर्षातून एकदा काच पुसून गंध लावायचे. ते चित्र काढले कोणी, ही चौकशी आपल्याला काहीशी गैरलागूच वाटते. पाटावर बसताना सुताराचे नाव कोण विचारतो?

चित्रकलेची मी जाणकार नव्हे. कादंबऱ्या लिहिते, शाळेत मराठी शिकवते आणि सुटीत एखाद्या गावी गेले तर तिथले चित्रसंग्रहालय चुकवीत नाही, एवढाच माझा अधिकार. पण एक गोष्ट मी वारंवार पाहिली आहे. जी माणसे भाजीत मीठ कमी पडले तर भर पंगतीत सांगतात, नाटक पडले तर मध्यंतरातच सांगतात, ती माणसे चित्रासमोर आली की एकाएकी मुकी होतात. "आपल्याला काय कळतंय त्यातलं!" असे म्हणून पुढे सरकतात. भजन ऐकताना, पुस्तक वाचताना आपण असा परवाना कोणाकडे मागत नाही. मग डोळ्यांनीच काय पाप केले आहे? म्हणून आवडलेल्या, न आवडलेल्या आणि न उमगलेल्या काही चित्रांपुढे उभी राहिले असता मला जे वाटले, ते इथे लिहीत आहे. वाचकांना ते पटलेच पाहिजे असे नाही.

दिवाळीचा अंक आहे, तेव्हा आरंभ दिव्यापासूनच करते. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात जे चित्रसंग्रहालय आहे, तिथे एका अंधाऱ्या खोलीत एक चित्र ठेवलेले आहे. हातात दिवा घेतलेली एक तरुण स्त्री, आणि वारा लागू नये म्हणून तिने ज्योतीआड धरलेला दुसरा हात. मागे भिंतीवर सावली. या चित्राची प्रत पाहिली नाही असा मराठी माणूस विरळा. फार काय, हातात निरांजन घेतलेल्या स्त्रिया आपल्या दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरून पिढ्यान् पिढ्या हिंडल्या आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळशा हिच्याच धाकट्या बहिणी शोभतील. तरीसुद्धा म्हैसूरला त्या खोलीत मी उभी होते तेव्हा माझ्या आजूबाजूला चार कुटुंबे होती, आणि चारही कुटुंबांतल्या कर्त्या पुरुषांनी आपापल्या मुलांना सांगितले, "हे रविवर्म्याचं."

ते रविवर्म्याचे नाही. सावळाराम लक्ष्मण हळदणकर या सावंतवाडीला जन्मलेल्या चित्रकाराचे आहे. त्यांचा जन्म १८८२ चा, मृत्यू १९६८ चा. मुंबईला त्यांनी चित्रकलेची स्वतःची संस्था चालवली आणि कित्येक चित्रकार हाताखालून काढले. दिवा घेऊन उभी राहिलेली मुलगी त्यांचीच, गीता. पुढे त्या कोल्हापूरला असत. २०१८ साली वारल्या तेव्हा त्यांचे वय १०२ वर्षांचे होते. म्हणजे "कोणाचे?" या प्रश्नाची दोन्ही उत्तरे इथे सांगता येण्याजोगी आहेत, आणि दोन्ही आपल्या मुलखातली आहेत. पण त्याच इमारतीत रविवर्म्याची खरीखुरी चित्रे आहेत, आणि त्या नावाचा दबदबाच असा, की बिचाऱ्या हळदणकरांचा दिवाही त्याच्याच देव्हाऱ्यात जाऊन बसला.

हे चित्र मला आवडते. मात्र ते ज्यासाठी नावाजले जाते त्यासाठी नव्हे. खोलीत अंधार केलेला असल्यामुळे दिवा खराच पेटल्यासारखा दिसतो, आणि मग लोक चित्र पाहायचे सोडून जादू पाहू लागतात. एका मुलाने तर मागे बल्ब आहे का ते वाकून पाहिले. "अगदी खरं वाटतं," ही आपल्याकडची चित्राची शेवटची पदवी. तिच्या पलीकडे आपण पाहत नाही. पाहिले असते तर लक्षात येते, की हे चित्र जलरंगात आहे आणि नवल आहे ते त्यात. तैलरंगात आधी अंधार रंगवून मग त्यावर पांढऱ्या-पिवळ्या रंगाचा जाड ठिपका ठेवता येतो. उजेड मागाहून आणता येतो. पारदर्शक जलरंगात ती सोय नाही. तिथे पांढरा रंग म्हणजे कोरा कागद. उजेड जिथे हवा तिथे कागद राखायचा आणि त्याच्याभोवती पातळ रंगाचे एकावर एक हात देत काळोख गडद करीत आणायचा. एक थेंब भलतीकडे ओघळला की दिवा विझलाच. म्हणजे त्या बाईने जसा ज्योतीला आडोसा केला आहे, तसाच चित्रकारानेही कागदाच्या त्या तुकड्याला केला आहे. हे कळल्यावर मला तो दिवा पेटलेला दिसण्यापेक्षा न विझलेला दिसू लागला.

आणि तो हात! चेहरा मला तितकासा लागत नाही. शांत, सात्त्विक, कर्तव्यदक्ष असा तो चेहरा आपण फार ठिकाणी पाहिला आहे. पण ज्योतीआड धरलेला हात कोणत्याही मुखपृष्ठावर मी असा पाहिलेला नाही. बोटांच्या कडांमधून तांबूस उजेड पाझरतो आहे. देव्हाऱ्यापासून तुळशीवृंदावनापर्यंत कार्तिकातल्या वाऱ्यात दिवा नेलेल्या कोणाही बाईला हा हात ओळखता येईल. तळव्याला लागणारी धगही आठवेल. आता प्रश्न असा, की मला आवडला तो चित्रातला हात की माझी आठवण? प्रामाणिकपणे सांगायचे तर दोन्ही एकमेकांत इतकी मिसळलेली आहेत की निवडता येत नाहीत. मात्र आठवणीवर जगणाऱ्या चित्रात एक धोका असतो. आठवण आपली असते, आणि श्रेय चित्राला जाते. दिवा, बाळ, आई, संध्याकाळ, घराकडे वळलेली गुरे, यांपैकी काहीही काढले तर आपण निम्मे पाघळलेलेच असतो. अशा वेळी चित्राने स्वतःहून काय दिले हे पाहावे. हळदणकरांनी तो हात दिला आहे, आणि त्या हातासाठी चेहऱ्याची सारी साखर मी माफ केली आहे.

रविवर्म्याला मात्र मला इतके सहज माफ करता येत नाही. हे लिहिताना माझ्या माहेरच्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडलेल्या दिसताहेत. माजघरातली त्याची लक्ष्मी आणि सरस्वती पाहतच मी वाढले. पण मी बोलते आहे ते त्याच्या शकुंतलेविषयी, त्या पायातला काटा काढणाऱ्या. सखीच्या खांद्यावर हात टेकून ती थांबली आहे, पाऊल उचलले आहे आणि मान मागे वळवली आहे. ज्याच्यासाठी वळवली तो चौकटीत नाही. हे चित्र आवडत नाही असे सांगणारी बाई मला अजून भेटलेली नाही, म्हणून हा मान मीच घेते.

कालिदासाच्या नाटकात हा प्रसंग किती चोरटा आहे पाहा. पहिल्या अंकाच्या अखेरीस सख्यांबरोबर परतताना दर्भाचे टोक पायाला लागले, वल्कल झुडपात अडकले, असे निमित्त करून ती क्षणभर रेंगाळते. दुसऱ्या अंकात दुष्यंत तेच विदूषकाला सांगतो, आणि त्याच्या सांगण्यातच त्याला ते निमित्त उमगल्याचे आपल्याला कळते. तिचे प्रेम तिने लपवले, त्याने ओळखले, आणि प्रेक्षकाला ते दोघांच्या मधल्या फटीतून दिसले. रविवर्म्याच्या चित्रात ही फटच बुजली आहे. निमित्त इतके सजवून दाखवले आहे की ते निमित्त राहिलेले नाही. वल्कलाच्या जागी विणलेले वस्त्र, त्याच्या चुण्या, वळलेली मान, टेकलेला हात, सारे रंगभूमीवर पडद्यापूर्वी धरलेल्या शेवटच्या पवित्र्यासारखे. कोठे पाहायचे, काय समजायचे आणि केव्हा उसासा टाकायचा, सगळे ठरवून दिलेले! मी स्वतः गोष्टी लिहिते, म्हणून गोष्ट सांगणारी चित्रे मला प्रिय असतील असे लोक समजतात. उलट आहे. गोष्ट सांगताना पात्रांचे हातवारे वाढले की लिहिणाऱ्याला भीती वाटू लागलेली असते, आणि ती भीती मला चित्रातही ओळखता येते.

म्हणून रविवर्मा थोर नव्हता असे नव्हे. त्याने जे केले ते त्याच्या चित्रांहूनही मोठे होते. १८९४ साली मुंबईत त्याने छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. दगडावर एकेक रंग वेगळा उतरवून एकावर एक छापायचा, अशी ती ओलिओग्राफची रीत. या छापखान्यातून देव बाहेर पडले आणि घरोघर गेले. ज्यांना देवळाच्या पायरीपलीकडे कोणी जाऊ देत नव्हते त्यांच्याही खोपटात लक्ष्मी येऊन उभी राहिली, आणि तिला कोणी अडवू शकले नाही. बायकांनी त्या चित्रांना टिकल्या लावल्या, जरीचे काठ शिवले, लक्ष्मीला खऱ्या कापडाचे लुगडे नेसवले. माझ्या मते रविवर्म्याच्या चित्रांवरची सर्वांत जिवंत टीका हीच. बायकांना त्यात काही उणे दिसले आणि त्यांनी ते सुईने भरून काढले. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणण्यापूर्वी या छापखान्यात काम केले होते, हेही विसरता कामा नये. आपले नाटक, आपला सिनेमा आणि आपले देवघर या तिन्हींना एकाच डोळ्याने पाहायला त्याने शिकवले. माझे गाऱ्हाणे आहे ते याचसाठी. एकदा तो डोळा लाभला की दुसऱ्या डोळ्याने पाहणे जड जाते.

तो दुसरा डोळा मला दिला एका मुलीने. तिची आई हंगेरियन, वडील पंजाबचे शीख सरदार. जन्म १९१३ चा, बुडापेस्टचा. चित्रकलेचे शिक्षण पॅरिसला. १९३४ च्या अखेरीस अमृता शेरगिल हिंदुस्थानात परतली, आणि दुसऱ्याच वर्षी तिने 'तीन मुली' हे चित्र काढले. मुंबईच्या बॉम्बे आर्ट सोसायटीने १९३७ साली त्याला सुवर्णपदक दिले. चित्र आता दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे.

चित्रात काहीही घडत नाही. तीन मुली जवळ जवळ बसलेल्या आहेत. एकमेकींकडे पाहत नाहीत, आपल्याकडेही पाहत नाहीत. खिडकी नाही, झाड नाही, हंस नाही, पायात काटा नाही. मागे नुसती मातकट भिंत म्हणावी अशी पार्श्वभूमी. अंगावरची वस्त्रे उजळ रंगांची, पण रंग चुण्यांत फुटलेले नाहीत. मोठे मोठे, सलग, आपापल्या जागी गप्प बसलेले. हात मांडीवर स्वस्थ पडलेले आहेत. रविवर्म्याच्या बाईचे हात सतत काही तरी सांगत असतात. या मुलींच्या हातांना सांगायला कोणी शिकवलेले नाही, किंवा सांगून उपयोग नाही हे त्यांना कळलेले आहे.

हे चित्र मी प्रथम एका पुस्तकात पाहिले आणि लगेच ओळखले. या मुली मला ठाऊक आहेत. नववी-दहावीच्या वर्गात मागल्या बाकावर त्या बसतात. दिवाळीची सुटी संपवून शाळा उघडते, तेव्हा त्यांच्यापैकी एखादी आलेली नसते. चौकशी केली की कळते, कार्तिकात तुळशीचे लग्न लागले आणि मग तिचेही ठरले. आदल्या महिन्यात ती जशी बसलेली असते ना, खिडकीबाहेर नव्हे, फळ्याकडे नव्हे, कुठेच न पाहता, तशाच या तिघी बसल्या आहेत. कायद्याने हे थांबले आहे असे आपण म्हणतो, आणि पुष्कळ अंशी ते खरेही आहे. परंतु तो चेहरा अजून वर्गात येतो. मी या विषयावर एक अख्खी कादंबरी लिहिली. शेरगिलला तीन चेहरे पुरले, आणि तिने त्यांना रडवलेही नाही.

इथेही आठवणच काम करते आहे, असे कोणी म्हणेल. दिव्याच्या बाबतीत घेतलेली शंका इथे का घेत नाही? घेते. फरक मला दिसतो तो असा. दिव्याचे चित्र मला माझ्या आठवणीत नेऊन सोडते आणि तिथे मला बरे वाटते. या चित्राने माझी आठवणच बदलली. ते पाहिल्यानंतर वर्गातल्या त्या मुलीकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागले. पूर्वी मला ती लक्ष नसलेली मुलगी वाटे. शेरगिल १९३६ च्या नोव्हेंबरात मुंबईला आली होती. ताजमहाल हॉटेलात तिचे प्रदर्शन भरले, आणि मग ती अजिंठा-वेरूळ पाहायला गेली. १९३७ सालची तिची ती दक्षिणेकडली मोठी चित्रे, 'वधूचा शृंगार', 'ब्रह्मचारी' आणि बाजाराला निघालेले खेडूत, यांच्यामागे अजिंठ्याच्या भिंती आहेत हे उघड दिसते. १९४१ साली लाहोरला ती वारली, वय अवघे अठ्ठावीस. आपल्या गुहांतून ती काय घेऊन गेली याचा आपल्याकडे कोणी पुरता हिशेबच मांडला नाही. आपण अजिंठ्याला जातो ते मोबाइलवर आपलाच फोटो काढायला.

आता न आवडलेल्या चित्राविषयी. रविवर्म्याची शकुंतला मला अपुरी वाटते. पण न आवडणे म्हणजे काय हे मला शिकवले फ्रान्सिस न्यूटन सूझा यांनी. हे गोव्याच्या साळगावचे, जन्म १९२४ चा. १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप निघाला त्याचे हे प्रमुख. लंडनच्या टेट संग्रहात त्यांचे १९५९ सालचे 'क्रूसारोहण' आहे. मी अर्थात छापील प्रतच पाहिली. क्रुसावरचा येशू आपल्याला ठाऊक आहे तो करुण, गोरा, मान कलती केलेला. सूझांचा येशू काळाकभिन्न, टोकदार, जणू काट्याकुट्यांचाच बनलेला. त्याच्याकडे पाहून दया येत नाही, भय वाटते. मी पान उलटले. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढून पाहिले आणि पुन्हा उलटले.

हे चित्र मला आवडत नाही आणि कधी आवडेल असेही वाटत नाही. घरात लावायला कोणी फुकट दिले तरी मी घेणार नाही. पण ते वाईट आहे असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. सूझा तान्हे असताना त्यांचे वडील वारले; लहानपणी देवी आल्या, त्यातून मुलगा वाचावा म्हणून आईने सेंट फ्रान्सिस झेवियरला नवस केला. गोव्याच्या देवळांतले सोने, मेणबत्त्या, रक्त दाखवणाऱ्या मूर्ती यांच्यात वाढलेल्या, देवीच्या व्रणांनी चेहरा भरलेल्या त्या मुलाने यातना सुंदर असते हे कबूल करायचे नाकारले. इतके मला समजते. समजले म्हणून आवडत नाही, आणि आवडत नाही म्हणून ते विसरताही येत नाही. पुष्कळ आवडलेली चित्रे मी विसरले आहे. कारले कडू आहे ही कारल्याविषयीची तक्रार होऊ शकत नाही, एवढेच फार तर म्हणेन. मात्र कारले रोज रांधावे असा आग्रहही कोणी धरू नये. नव्या चित्रांचे काही कैवारी तो धरतात, आणि न आवडणाराला अडाणी ठरवून मोकळे होतात.

राहिले कोड्यात टाकणारे चित्र. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २०११ पासून जहांगीर निकल्सन यांच्या संग्रहातली चित्रे पाहायला मिळतात. तिथे वासुदेव गायतोंडे यांच्या एका चित्रासमोर मी आणि माझी वहिनी उभ्या होतो. वहिनी थोडा वेळ पाहत राहिली आणि हळूच म्हणाली, "वन्सं, कसलं हो हे? भिंतीला ओल आल्यासारखं दिसतंय."

शेजारच्या एका विद्वान दिसणाऱ्या गृहस्थांनी आमच्याकडे रागाने पाहिले. मला मात्र वाटले, की गायतोंड्यांवर मी जे काही वाचले आहे त्यात इतके नेमके वाक्य एकही नाही. ओल आलेली भिंत आपल्यापैकी कोणी पाहिली नाही? श्रावणात अंथरुणावर पडल्या पडल्या त्या डागांत आपण घोडा पाहिला आहे, दाढीवाला म्हातारा पाहिला आहे. चारशे-पाचशे वर्षांपूर्वी इटलीतल्या लिओनार्दो दा विंचीने चित्रकारांना डागाळलेल्या भिंतींकडे पाहत जा असे लिहून ठेवले होते. त्यांत डोंगर, लढाया आणि चेहरे सापडतात म्हणून. गायतोंड्यांच्या चित्रात हेच घडू लागते. घोडा उमटेल असे वाटते, आणि नेमका त्याच क्षणी तो विरतो. डोळा पुढे सरकतो. पाण्याखाली काही आहेसे वाटते, तेही हाती लागत नाही. नाव पाहावे तर चित्राला नाव नाही. आपला तो सोयीचा प्रश्न इथे निम्माच चालतो. "कोणाचे?" तर गायतोंड्यांचे. बस्स.

हे गायतोंडे नागपूरला १९२४ साली जन्मले, घराणे गोव्याकडचे. १९४८ साली जे. जे. स्कूलमधून बाहेर पडले. सूझांच्या त्या गटाशी त्यांचा संबंध आला, पण बडबडीचा त्यांना कंटाळा. १९७२ पासून दिल्लीला राहत. वर्षाकाठी पाच-सहा चित्रे, फार नाहीत. कुंचल्यापेक्षा रूळ आणि पातळ सुरी यांनी काम करीत. रंग चढवायचा, कागदाने काही उचलायचा, पुन्हा चढवायचा, आणि बराच काळ नुसते बसून पाहायचे. १९८४ साली अपघात झाला, तेव्हापासून पुष्कळ वर्षे मोठे चित्रफलक हाताळता आले नाहीत. कागदावर लहान रेखाटने केली. २००१ साली ते गेले. पुढे २०१३ साली मुंबईतल्या एका लिलावात त्यांच्या एका चित्राला तेवीस कोटींच्या वर किंमत आली, आणि न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले. तेव्हापासून त्यांचे चित्र पाहणे अधिकच अवघड झाले आहे, कारण चित्राच्या आधी तेवीस कोटी दिसतात. वहिनीला तो आकडा ठाऊक नव्हता म्हणून तिला ओल दिसली.

अशा चित्रांची बाजू घेताना एक दाखला नेहमी दिला जातो. शेंदूर माखलेला तांदळा कोणासारखा दिसतो? कोणासारखाच नाही; तरी आपण त्याला हात जोडतोच ना? मग निराकार चित्राला का बिचकता? दाखला गोड आहे, पण लंगडा आहे. तांदळ्याला नाव असते, जत्रा असते, आजीने सांगितलेली कथा असते. डोळ्यांना दिसत नाही ते कानांनी आधीच पुरवलेले असते. गायतोंड्यांचे चित्र कानांना काही देत नाही. दारावरच्या रांगोळीशी ते अधिक जवळचे म्हणावे, तर रांगोळीत ठिपके मोजता येतात आणि कमळ शेवटी कमळच होते. तेव्हा आपल्या घरातले काही तरी दाखवून ही वाट सोपी करता येईल असे मला वाटत नाही.

मी त्या चित्रासमोर वीसेक मिनिटे बसले. पहिली पाच मिनिटे चांगली गेली, पुढली दहा कंटाळवाणी. कोणी पाहत तर नसेल ना, असेही वाटून गेले. त्यानंतर एक बारीकशी गोष्ट झाली. चित्रात काय आहे हे शोधायचे डोळ्यांनी सोडून दिले आणि रंग खालून वर येतो आहे की वरून खाली जातो आहे, एवढेच ते पाहू लागले. ते ठरेना. एकदा असे वाटे, एकदा तसे. यात आनंद होता का? होता, पण मला तो कादंबरीत कधी मिळालेला नाही, गाण्यात थोडासा मिळाला आहे. तंबोरे जुळून झाल्यावर आणि गायकाने तोंड उघडण्यापूर्वी. त्याच्या पुढे मला जाता आले नाही. ते चित्र आवडले असे मी म्हणू शकत नाही, आवडले नाही असेही नाही. वहिनी एव्हाना दुसऱ्या दालनातून परत आली होती आणि तिने माझ्या शेजारी बसून घेतले. "अजून ओलच दिसतेय," ती म्हणाली, "पण भिंत मोठी वाटायला लागली आहे."

दिवाळीच्या सुटीत मुंबईला जाणाऱ्यांनी तिथे अवश्य जावे. भिंतीवरची चित्रे अधूनमधून बदलतात, म्हणून आधी चौकशी केलेली बरी. समोरच्या चौकात राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबईची शाखा आहे. ती सोमवारी बंद असते. हळदणकरांचा दिवा पाहायला म्हैसूर गाठावे लागेल आणि शेरगिलच्या मुलींसाठी दिल्ली. गर्दीची काळजी मात्र म्हैसूरलाच. गायतोंड्यांपुढचे बाक बहुधा रिकामे असते.